तसबिरीची नोंद : अलंकृत छापचित्रांच्या संग्रहालयीन सूचीकरणाची मीमांसा

१

संग्रहालयाच्या नोंदवहीची समीक्षा करण्याचा प्रघात मराठीत नाही. ग्रंथाचे परीक्षण होते, प्रदर्शनाचे होते, एखाद्या चित्रकाराच्या समग्र कृतींचेही होते. परंतु वस्तू संग्रहात दाखल होताना तिच्याविषयी जे चार शब्द लिहिले जातात, ते कारकुनी काम समजून सोडून दिले जातात. वास्तविक त्या चार शब्दांत एक निर्णय दडलेला असतो. वस्तू कोणती, तिचा कर्ता कोण, ती कधीची, तिच्यातील जपण्यासारखे काय आणि पुसून टाकण्यासारखे काय, हे सर्व नोंद लिहिणारा त्या क्षणी ठरवीत असतो. पुढील अभ्यासक बहुधा वस्तूपाशी न जाता त्या नोंदीपाशीच जातो. म्हणून नोंद चुकली तर वस्तू शाबूत राहूनही तिचा इतिहास हरवतो.

एकमेव वस्तूंच्या बाबतीत या दोषाचा परिणाम मर्यादित राहतो. ताम्रपटाची नोंद चुकली तरी ताम्रपट एकच असतो. त्याच्याकडे परत जाऊन ती सुधारता येते. छापील चित्रांची गोष्ट निराळी आहे. एकाच शिळेवरून शेकडो, प्रसंगी हजारो प्रती निघतात. प्रत्येक प्रत दुसरीसारखीच आहे असे प्रथमदर्शनी वाटते. आणि या वाटण्यातूनच सूचीकरणातील बहुतेक दोष उद्भवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातील घराघरांत पोचलेली देवदेवतांची रंगीत छापचित्रे, विशेषतः जर, टिकल्या व कापड लावून सजविलेल्या आणि चौकटीत बसविलेल्या त्यांच्या प्रती, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. या प्रतींची नोंद चित्र म्हणून करावयाची की वस्तू म्हणून, हा त्यातील मुख्य प्रश्न.

२

विवेचनापूर्वी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. महाराष्ट्रातील रंगीत छापचित्रांचा इतिहास प्रामुख्याने दोन संस्थांभोवती फिरतो. पहिली पुण्याची चित्रशाळा. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये तिची स्थापना केली आणि रामपंचायतनासारखी देवतांची चित्रे व नाना फडणीस यांच्यासारख्या मराठी इतिहासातील पुरुषांची चित्रे तिने सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आणली. दुसरी रविवर्मा प्रेस. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात हा छापखाना सुरू केला. यंत्रे जर्मनीची होती, तंत्रज्ञही जर्मन होते. पुढे छापखाना घाटकोपर येथे आणि शतकाच्या अखेरीस, मुंबईत प्लेगचा कहर चालू असण्याच्या काळात, घाटमाथ्याजवळील कार्ला-मळवली परिसरात हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला व त्यानंतरही अनेक दशके चित्रे छापली जात राहिली. १९७२ मधील आगीत तेथील पुष्कळ साधनसामग्री नष्ट झाली. या शेवटच्या घटनेचे सूचीकाराच्या दृष्टीने महत्त्व असे की, छापखान्याची साधने अशी दुरावल्यावर छापलेल्या प्रती हाच अभ्यासाचा प्रमुख आधार उरतो.

या चित्रांचे तंत्र रंगीत शिळामुद्रणाचे. मूळ तैलचित्र पाहून कारागीर ते शिळेवर पुन्हा रेखाटतात. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. एकाच कागदावर एकामागून एक रंग नेमक्या जागी उतरवावे लागतात. छापून झाल्यावर कागदावर रोगण चढवून, क्वचित त्याच्या पृष्ठभागावर कॅनव्हासच्या पोताचा दाब देऊन तैलचित्राचा आभास निर्माण केला जाई. त्यामुळे या प्रकाराला ओलिओग्राफ किंवा तैलछाप असे नाव पडले.

छापखान्यातून बाहेर पडल्यावर चित्राचा प्रवास संपत नाही. किंबहुना संग्रहालयाला ज्याचे महत्त्व वाटावे असा प्रवास तेथूनच सुरू होतो. घेणारा त्याला चौकट करून घेई. कित्येक प्रतींवर देवीच्या छापील लुगड्यावर खऱ्या कापडाचे तुकडे लावलेले, काठांना जर शिवलेली, दागिन्यांच्या जागी टिकल्या व मणी बसविलेले आढळतात. मुख, हात व पाय मात्र छापील तसेच उघडे ठेवलेले असतात. छापील प्रतिमेला वस्त्रालंकार चढविण्याची ही रीत देव्हाऱ्यातील मूर्तीला वस्त्र नेसविण्याच्या रीतीशी सरळ नाते सांगते.

३

आता एक उदाहरण कल्पावे. रोहे तालुक्यातील धाटाव या गावातील एका घरातून अशी एक तसबीर जिल्ह्याबाहेरील एखाद्या संग्रहालयाकडे आली. धाटाव हे कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील, रोहे-कोलाड वाटेवरचे गाव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि आज हे नाव बाहेरच्या माणसाला रासायनिक कारखान्यांमुळे परिचित आहे. अशा झपाट्याने पालटलेल्या गावांत जुनी घरे पाडून नवी बांधताना भिंतीवरच्या वस्तूंची वासलात लागते. त्यांतील बहुतेक नाहीशा होतात, एखादीच संग्रहालयाच्या दारापर्यंत येते. उदाहरण कल्पित असले तरी त्यातील प्रश्न कल्पित नाहीत.

तसबीर लक्ष्मीची आहे. खालच्या कडेला रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असा मजकूर आहे. लुगड्याच्या भागावर कापड व जर आहे. चौकट लाकडी, काचेवर मस्तकाच्या व पायांच्या जागी कुंकवाचे डाग, मागे लाकडी फळी आणि तिच्यावर चिकटविलेला जुन्या वर्तमानपत्राचा कागद. नोंदवहीत तिच्याविषयी पुढील प्रकारची ओळ लिहिली जाते असे समजावे : “लक्ष्मी. तैलछाप. राजा रविवर्मा. एकोणिसावे शतक. कागद. स्थिती : डागाळलेली, एक प्रत संग्रहात आहे.”

ही ओळ कोणत्याही एका संस्थेची नव्हे. परंतु छापील चित्रांच्या सूची चाळणाऱ्याला तिचे वळण ओळखीचे वाटेल. वरवर पाहता तिच्यात आक्षेपार्ह काही नाही. एखाद्या कवितेच्या ओळीप्रमाणे ती शब्दशः तपासली असता मात्र तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द अपुरा किंवा चुकीचा ठरतो.

४

‘लक्ष्मी’ हा विषय झाला, वस्तूचे नाव नव्हे. या दोहोंतील भेद मराठी भाषेने केव्हाच ओळखला आहे. चित्र काढतात, तसबीर टांगतात. चित्र म्हणजे प्रतिमा. तसबीर म्हणजे काच, चौकट, कडी यांसह भिंतीवर असणारी, हाताने उतरविता व पुसता येणारी वस्तू. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला किंवा मार्गशीर्षातील गुरुवारी पाटावर मांडली जाते ती तसबीर. धाटावच्या घरातून संग्रहालयात आली तीही तसबीरच. नोंदवहीत मात्र ती चित्र होऊन दाखल झाली. व्यवहारातील नेमका शब्द उपलब्ध असताना तो टाळून कलेतिहासातील शब्द योजल्याने चौकट, काच आणि फळी हे वस्तूचे अवयव न राहता चित्रावरचे आवरण ठरतात, आणि आवरण काढून टाकण्यास कोणाची हरकत नसते.

‘तैलछाप’ हा तंत्राचा निर्देशही पडताळणीवाचून करता येत नाही. त्याच लक्ष्मीच्या पुढील काळातील प्रती जाळीच्या ठशाने, नंतर ऑफसेट यंत्रावर छापलेल्या असू शकतात. भिंगाखाली पाहिल्यास भेद स्पष्ट होतो. शिळामुद्रणात रंगाचे ठिपके हाताने दिलेले, अनियमित आकाराचे व अंतराचे दिसतात. जाळीच्या छपाईत ते सरळ ओळींत, ठरावीक अंतराने येतात. रोगणाचा पिवळटपणा किंवा पोताचा दाब ही दुय्यम लक्षणे होत. सूचीकाराने भिंग हाती घेतले होते की नाही, हे नोंदीवरून समजले पाहिजे.

‘राजा रविवर्मा’ या दोन शब्दांत सर्वांत मोठी गफलत आहे. छापखान्याचे नाव हे चित्रकाराचे नाव नव्हे. रविवर्मा प्रेसने इतर चित्रकारांच्या रचनाही छापल्या. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांच्यासारख्या मुंबईच्या चित्रकारांची नावे छापील चित्रांच्या या व्यवसायाशी निगडित आहेत. रचना निःसंशय रविवर्म्याची असली तरी शिळेवरील रेषा त्याची नसते. ती छापखान्यातील अनाम कारागिराची असते. धाटावच्या प्रतीवर तर आणखी एक हात आहे : ज्याने लुगड्यावर जर लावली तो. तो घरातील स्त्रीचा होता की बाजारातील कारागिराचा, हे टाके पाहून काही अंशी ठरविता येते. कापड डिंकाने चिकटविले आहे की शिवले आहे, शिवले असल्यास सुई कागदातून आरपार गेली आहे का, पाठीमागे दोऱ्याच्या गाठी कशा आहेत, एकाच हाताचे काम आहे की मागाहून डागडुजी झाली आहे, या गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. ‘कर्ता’ या एका रकान्यात हे तिन्ही हात मावत नाहीत. त्यांतील ख्यातनाम तेवढा ठेवून इतरांना वगळणे हे नोंदीचे काम नव्हे. ती चरित्रनायकाची भक्ती होय.

‘एकोणिसावे शतक’ हा काळही असाच गृहीत धरलेला आहे. मूळ रचनेचा काळ, ती प्रथम छापल्याचा काळ आणि हाती असलेली प्रत छापल्याचा काळ हे तीन निरनिराळे काळ होत. रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तला; त्याची चित्रे त्यानंतरही छापली जात होती. प्रतीवरील ‘कार्ला-लोणावळा’ हा मजकूर गिरगाव व घाटकोपर येथील आरंभीच्या छपाया बाद करतो. म्हणजे प्रत छापखान्याच्या स्थलांतरानंतरची आहे. किती नंतरची, हे कागद, रंग व छपाईचे तंत्र यांवरून पाहावे लागेल. सजावट त्याहून उत्तरकालीन असू शकेल आणि पाठीवरील वर्तमानपत्राची तारीख वाचता आली तर ती फळी अलीकडे केव्हा बसली असावी याची मर्यादा देईल. एकाच वस्तूत असे चार काळ एकत्र आलेले असतात. या काटेकोरपणाला कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरण्यासाठी ती किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. तेथे प्रश्न रचनेच्या वयाचा नसून प्रत्यक्ष वस्तूच्या वयाचा आहे. रचनेचा काळ प्रतीला चिकटविणारी नोंद त्या प्रश्नाचे उत्तरच देऊ शकत नाही.

‘कागद’ हे द्रव्याचे वर्णन लाकूड, काच, कापड, धातूची तार, मणी, कुंकू आणि काजळी यांना अदृश्य करते. परिरक्षकाच्या दृष्टीने ही चूक घातक आहे. कोकणातील पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतील ओलाव्याने कागद फुगतो व काचेला चिकटतो, लाकडी फळीतील आम्ल कागदात उतरून त्यावर तपकिरी छटा येते, जरीतील धातू काळवंडतो. यांतील प्रत्येक द्रव्याला निराळा उपचार लागतो; एकाला हितकर तो दुसऱ्याला अपायकारक असतो. कागदाला पाण्याने धुण्याचा उपाय सजविलेल्या प्रतीवर केल्यास कापडाचा रंग कागदात उतरेल. नोंदीत केवळ कागद असेल, तर उपचारही केवळ कागदावर होतील.

५

या ओळीतील सर्वांत विचारणीय शब्द ‘डागाळलेली’ हा आहे. इतर शब्दांचा दोष अज्ञानाचा किंवा घाईचा म्हणता येईल; या शब्दात मूल्यनिर्णय आहे. छापखान्यातून निघाली त्या क्षणीची प्रत ही आदर्श आणि तेथून पुढे जे काही घडले तो ऱ्हास, असे त्यात गृहीत धरलेले असते.

हे गृहीत युरोपीय मुद्राचित्रांच्या अभ्यासातून आले आहे. व्हिएन्ना येथील आडाम बार्च याने १८०३ ते १८२१ या काळात एकवीस खंडांत प्रसिद्ध केलेली सूची त्या परंपरेचा पाया मानली जाते. शिळेच्या किंवा पत्र्याच्या निरनिराळ्या अवस्था ओळखणे, ठसा ताजा की झिजलेला हे पाहणे, समास शाबूत आहे की कापलेला हे नोंदविणे, ही शिस्त तेथे वाढली आणि ती मोलाची आहे. परंतु ती परंपरा संग्राहकाच्या पेटीत, कागदाच्या घडीत जपून ठेवलेल्या चित्रांवर पोसली. तेथे डाग म्हणजे अपघात. धाटावच्या घरातील तसबीर पेटीत नव्हती, भिंतीवर होती. तिच्यावरील कुंकू हा अपघात नव्हता. ते लावण्यासाठीच ती तेथे होती. निरांजनाची काजळी, हार अडकविलेल्या खिळ्याची खूण, वारंवार हात लागून झिजलेली चौकटीची खालची कड, या सर्व खुणा मिळून त्या वस्तूचा उपयोग सांगतात, आणि उपयोग हाच तिचा इतिहास आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. चौकटीतील चित्राला कुंकू लावले जाते तेव्हा ते कागदाला लागत नाही, काचेला लागते. म्हणजे पूजेचा पुरावा चित्रावर नसून काचेवर असतो. जुनी, तडा गेलेली काच काढून नवी बसविणे हे संग्रहालयातील अगदी साधे, निरुपद्रवी वाटणारे काम आहे. त्यात कागदाला धक्काही लागत नाही. तथापि त्या एका कृतीने तसबीर पुन्हा चित्र बनते आणि नोंदीला त्याचा पत्ताही नसतो, कारण काच ही वस्तूचा भाग म्हणून कधी नोंदविलीच गेली नव्हती.

याला जोडूनच दुसरा मुद्दा येतो. घरात जीर्ण झालेली देवतेची प्रतिमा केरात टाकण्याची पद्धत नाही. ती नदीत विसर्जित करतात, नाहीतर वडापिंपळाच्या पारावर ठेवतात. म्हणजे ज्या प्रतींची सर्वाधिक पूजा झाली त्या सर्वांत आधी नाहीशा झाल्या. संग्रहालयांत पोचलेल्या प्रती बव्हंशी कमी हाताळलेल्या, दिवाणखान्यातील, अथवा विक्रेत्याकडे न विकता राहिलेल्या असणे स्वाभाविक आहे. उपलब्ध पुराव्याचा तोल मुळातच असा एका बाजूला कललेला असताना, डागाळलेल्या प्रतीला हलकी ठरविणे आणि ती धुऊन स्वच्छ करणे म्हणजे उरलासुरला तोलही घालविणे होय. पुढील अभ्यासकाला त्यावरून असे अनुमान काढावे लागेल की, ही चित्रे लोक शोभेसाठी लावीत. ते अनुमान वस्तूंवरून काढलेले नसून संग्रहालयाच्या सफाईवरून काढलेले असेल.

‘एक प्रत संग्रहात आहे’ हा शेरा या विचारसरणीचा तर्कशुद्ध शेवट आहे. प्रतिमा हीच वस्तू असेल तर दुसरी प्रत ही दुबार होय आणि दुबार प्रत बदलीत देता येते, काढून टाकता येते. परंतु प्रतच वस्तू असेल तर दुबार हा शब्दच लागू पडत नाही. एकाच शिळेवरून निघालेल्या दोन लक्ष्मी, एक साधी व एक जरीने मढविलेली, एक कुंकवाची व एक कोरी, या जुळ्या भावंडांप्रमाणे आहेत. जन्म एक असला तरी आयुष्य निराळे. आणि संग्रहालय हे आयुष्य नोंदविण्यासाठीच असते. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्याशिवाय छापखान्याने काय दिले आणि घराने त्यात काय घातले, हे कळण्याचा मार्गच नाही.

६

वरील ओळीत नसलेला शब्द हा असलेल्या शब्दांइतकाच बोलका आहे. तिच्यात ‘धाटाव’ नाही. मळवलीच्या परिसरात छापलेले चित्र सह्याद्री उतरून कुंडलिकेच्या खोऱ्यात पोचले, ही घटना या वस्तूच्या इतिहासातील खरी बातमी आहे. लक्ष्मीची ती रचना अनेकांना ठाऊक आहे. ती धाटावात होती हे कोणाला ठाऊक नाही. अनेक संग्रहांतील अशा स्थळनोंदी एकत्र आल्या तर छापील देवतांचा प्रसार घाटावर व कोकणात, शहरात व खेड्यात कसा झाला याचा नकाशा काढता येईल. स्थळ न लिहिणारी नोंद हा नकाशा काढण्याची शक्यताच संपविते.

स्थळ लिहावयाचे तेही काटेकोरपणे. रोहे आणि रोहा अशी दोन्ही रूपे रूढ आहेत. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड झाले. जुन्या पावतीवर कुलाबा असेल आणि नव्या नोंदीत रायगड असेल तर दोन्ही लिहून त्यांची सांगड घातली पाहिजे. तसे न केल्यास एकाच गावच्या दोन वस्तू सूचीत दोन जिल्ह्यांच्या होतील. शिवाय आज धाटाव या नावाने गाव व औद्योगिक वसाहत दोन्हींचा बोध होतो. वस्तू गावातील घरातून आली हे स्पष्ट करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

७

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, छापचित्रांचा अभ्यास गेल्या काही दशकांत पुष्कळ पुढे गेला असून ही टीका आता शिळी झाली आहे. आनंद कुमारस्वामींसारख्या समीक्षकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्याच्या कलेला नाटकी ठरविले, त्यामुळे तिच्या स्वस्त छापील प्रतींना उच्च कलेच्या दालनात स्थान मिळणे अवघड झाले, हे खरे. परंतु ख्रिस्तोफर पिनी यांचा २००४ मधील आणि कजरी जैन यांचा २००७ मधील ग्रंथ यांनी बाजारातील देवचित्रांना गंभीर अभ्यासाचा विषय बनविले. पिनी यांनी तर पाहणाऱ्याच्या देहाचा प्रतिमेशी येणारा संबंध हाच आपल्या विवेचनाचा केंद्रबिंदू केला. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. तथापि ग्रंथातील विचार आणि नोंदवहीतील रकाने यांची गती सारखी नसते. सिद्धांत बदलला तरी रकाने तेच राहिले, तर नव्या सिद्धांताला लागणारा पुरावा जुन्या रकान्यांतून गळून जातो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आणि म्हणून अधिक बलवान आहे. लहान संग्रहालयात मनुष्यबळ तुटपुंजे. एका तसबिरीसाठी दोन पाने लिहीत बसल्यास उरलेल्या वस्तू नोंदीविनाच राहतील. अपूर्ण पण सर्वांची नोंद ही परिपूर्ण पण थोड्यांच्या नोंदीपेक्षा श्रेयस्कर, हे तत्त्व नाकारता येत नाही. परंतु येथे मागणी अधिक शब्दांची नसून निराळ्या क्रमाची आहे. चोरीस गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑब्जेक्ट आयडी’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात मोजकेच रकाने आहेत. त्यांत विषय व कर्ता यांच्याबरोबरच मजकूर व खुणा आणि वस्तूची वेगळेपण दाखविणारी लक्षणे यांना स्वतंत्र जागा दिली आहे. पोलिसांच्या उपयोगाचे ते प्रमाण छापचित्रांच्या सूचीकाराला एक मूलभूत गोष्ट शिकविते. हजारांतील हीच प्रत ओळखावयाची तर तिच्यावरील डाग, भेग, टाका आणि खिळ्याचे भोक यांच्यावाचून दुसरी ओळख नाही. ज्याला नोंदवही दोष म्हणते, तेच त्या वस्तूचे नाव आहे.

या दृष्टीने नोंदीचे तीन थर करणे पुरेसे ठरेल. पहिला थर रचनेचा : विषय, मूळ चित्रकार, रचनेचा काळ. हा थर सर्व प्रतींना समान असल्याने एकदाच लिहून पुढे त्याचा निर्देश करता येतो; श्रमाची बचत येथेच होते. दुसरा थर ठशाचा : छापखाना, छापील मजकूर, तंत्र, छपाईचा काळ. तिसरा थर प्रतीचा : चौकट, काच, सजावट, वापराच्या खुणा, स्थळ, पूर्ववृत्त. प्रचलित पद्धतीत बहुतेक शब्द पहिल्या थरावर खर्च होतात आणि तिसऱ्याच्या वाट्याला ‘डागाळलेली’ हा एक शब्द येतो. हे प्रमाण उलटे केले पाहिजे, कारण पहिल्या थराची माहिती इतरत्र मिळू शकते. तिसऱ्याची त्या एका वस्तूवाचून कोठेही मिळत नाही.

८

त्या क्रमाने धाटावच्या कल्पित तसबिरीची नोंद साधारणतः पुढीलप्रमाणे होईल : “तसबीर, लक्ष्मीची, सजविलेली. धाटाव (गाव), तालुका रोहे, जिल्हा रायगड (पूर्वीचा कुलाबा) येथील घरातून. दात्याचे सांगणे : देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर असे, लक्ष्मीपूजनास पाटावर मांडीत, सजावट घरातील स्त्रीने केल्याचे ऐकिवात, पडताळणी नाही. लुगड्यावर कापड व जर, शिवलेली. दोरा कागदातून आरपार. काच मूळची असावी. मस्तक व पाय यांच्या जागी बाहेरून कुंकू. काढू वा पुसू नये. पाठीवर लाकडी फळी व वर्तमानपत्राचा कागद. मापे : चित्र, कागद व चौकट यांची स्वतंत्र. ठसा : रंगीत शिळामुद्रण, भिंगाने पाहिले, मजकूर, रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा, छपाई छापखान्याच्या स्थलांतरानंतरची. रचना : राजा रविवर्मा; संग्रहातील दुसऱ्या प्रतीची नोंद पाहावी.”

ही नोंद पहिल्या ओळीहून मोठी आहे, परंतु दोन पानांची नाही. तिच्यात ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून आणि पाहिलेली गोष्ट पाहिलेली म्हणून लिहिली आहे. हा विवेक सोडला तर वापराच्या खुणांविषयीचा आदर भाबडेपणात जमा होईल. प्रत्येक डागात भक्ती पाहणारा सूचीकार प्रत्येक डाग पुसणाऱ्याइतकाच अविश्वसनीय असतो. ओलाव्याचा डाग हा ओलाव्याचाच होय आणि बुरशी ही परंपरा नव्हे. म्हणून खुणांचे आधी वर्णन, मग अर्थ, आणि अर्थाला आधार नसेल तेथे केवळ वर्णन, हा क्रम पाळणे इष्ट.

छापील देवचित्रांनी एकच लक्ष्मी घरोघर पोचविली असे म्हटले जाते. ते छापखान्याच्या बाजूने खरे आहे. घराच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक घराने त्या एकीची आपली निराळी लक्ष्मी केली : तिला लुगडे नेसविले, काचेवर कुंकू लावले, तिच्यासाठी भिंतीवर खिळा ठोकला. चित्राचा इतिहास लिहिणाऱ्याला पहिली गोष्ट पुरते. संग्रहालयाच्या हाती मात्र दुसरीचा पुरावा आलेला असतो आणि तो एकदा पुसला की पुन्हा छापता येत नाही. वस्तू दाखल होते त्या दिवशी नोंदवहीत गावाचे नाव आणि कुंकवाची जागा लिहिली गेली, तर तो पुरावा टिकेल. न लिहिली गेली, तर धाटावची तसबीर संग्रहात सुरक्षित राहूनही हरवलेली असेल.